चॅसिस डायनोवर एकाच गाडीचे एचपी दर रनला वाढतायत, सुरुवात कुठून करू?

ड्रमवाला

नमस्कार मंडळी. आमच्याकडे चॅसिस डायनो आहे, म्हणजे गाडीची चाकं ड्रमवर फिरवून पॉवर मोजायचं मशीन. एकच मोठा ड्रम, त्याला एडी करंट ब्रेक (चुंबकाने ड्रमला रोखणारा) आणि लोड सेल (त्या ब्रेकवरचा जोर मोजणारा सेन्सर). ट्यूनिंगच्या आधी एक आणि नंतर एक असे ग्राफ काढून आम्ही गाडीमालकाला देतो, त्यामुळे आकडा खरा असणं माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे. पण सध्या माझाच त्याच्यावर विश्वास बसत नाहीये.

साधी पेट्रोल गाडी, टर्बो नाही, सगळं स्टॉक. काहीही न बदलता लागोपाठ तीन रन घेतले तर ९१.१, मग ९२.६, मग ९३.७ एचपी. इंजिन तापतंय म्हणजे आकडा खाली यायला पाहिजे ना, इथे उलटंच चाललंय. तीच गाडी उतरवून दुसऱ्या दिवशी परत चढवली तर ८९. शिवाय एक सिंगल सिलिंडर बाईक होती, तिचा एचपी अगदी पटण्यासारखा पण टॉर्क कंपनीच्या आकड्याच्या निम्मा. आणि कहर म्हणजे हीच कार दुसरीकडच्या डायनोवर १०० च्या वर गेलीय.

मशीन ज्यांच्याकडून घेतलं त्यांचा माणूस फोनवर म्हणाला सॉफ्टवेअरमध्ये एक फॅक्टर असतो तो वाढवा आणि आकडा जुळवून घ्या. मला हे अजिबात पटत नाही, जुळवलेला आकडा मी लोकांना कुठल्या तोंडाने देऊ?

पिस्टनरिंग

त्या फॅक्टरला हात लावू नका, हे पहिलं. एकदा तो हलवला की नंतर खरी चूक कुठे होती ते कधीच सापडत नाही, कारण सगळ्या चुका त्याच्याखाली गाडल्या जातात.

तुम्ही लिहिलेत ते चारही प्रश्न वेगवेगळे आहेत, एकाच औषधाने जाणार नाहीत. दर रनला आकडा वाढणं हे मला करेक्शनचं (हवेचं तापमान आणि दाब बघून सॉफ्टवेअर आकडा ठरावीक हवेला आणतं त्याचं) प्रकरण वाटतंय. तुम्ही दिलेले आकडे करेक्शन लावलेले आहेत का? असतील तर त्याच तीन रनचे करेक्शन न लावलेले आकडे टाका, आणि प्रत्येक रनला सॉफ्टवेअरने तापमान किती, दाब किती धरला तेही. सगळं त्याच फाइलमध्ये असतं.

बाईकचं आत्ताच सांगतो. पॉवर ड्रमवर मोजली जाते, तिथे इंजिनच्या आरपीएमचा संबंधच नाही. टॉर्क मात्र त्या पॉवरला आरपीएमने भागून काढतात. म्हणजे एचपी बरोबर आणि टॉर्क निम्मा असेल तर आरपीएम दुप्पट वाचला जातोय. बऱ्याच सिंगल सिलिंडर फोर स्ट्रोक इंजिनांत प्रत्येक फेरीला स्पार्क पडतो, एक कामाचा आणि एक एक्झॉस्ट स्ट्रोकला वाया जाणारा, आणि सॉफ्टवेअर दोन फेऱ्यांना एक स्पार्क धरून बसलेलं असतं. प्लगच्या वायरवरच्या क्लॅम्पचं सेटिंग बदला, टॉर्क जागेवर येईल. आणि एचपी आणि पाउंड-फूटच्या रेषा ५२५२ ला एकमेकींना छेदतायत म्हणजे ग्राफ बरोबर, असं समजू नका. तो नुसता गणिताचा भाग आहे, आरपीएम चुकीचा असला तरी त्या तिथेच छेदणार.

ड्रमवाला

बाईकचं सेटिंग खरंच दोन फेऱ्यांना एक स्पार्क असंच होतं, बदलल्यावर टॉर्क बरोबर आला, मनापासून आभार दादा.

कारचे करेक्शन न लावलेले आकडे ८७.०, ८७.१, ८६.८. तापमान पहिल्या रनला ३०, दुसऱ्याला ३८, तिसऱ्याला ४६ डिग्री. कोरडा दाब (हवेतल्या वाफेचा दाब वजा करून) तिन्ही वेळेला ९६० मिलिबार. करेक्शन एसएई.

पिस्टनरिंग

मग सापडलंच की. गाडी तिन्ही वेळेला ८७ च देतेय, म्हणजे तुमचं मोजमाप रनमागून रन स्थिर आहे आणि ही खूप चांगली बातमी आहे. एसएई जे१३४९ या करेक्शनच्या स्टँडर्डचा हिशोब २५ डिग्री आणि ९९० मिलिबार कोरडी हवा धरून चालतो, हवा त्याहून गरम किंवा विरळ असेल तर तो तुम्हाला वरचे एचपी देतो. ३० डिग्रीला फॅक्टर येतो १.०४७ आणि ४६ ला १.०७९. पंधरा मिनिटांत खोलीचं तापमान १६ डिग्रीने वाढलं का? नाही. तुमचा तापमानाचा सेन्सर रेडिएटरमधून येणाऱ्या गरम हवेच्या झोतात आहे, नाहीतर एक्झॉस्टच्या वाटेत. इंजिन जी हवा ओढतंय ती मोजायला पाहिजे, म्हणजे सेन्सर एअर इनटेकच्या जवळ पण इंजिनच्या उष्णतेपासून लांब, पंख्याच्या ताज्या हवेत.

दाबाचंही तपासा. काही जण मोबाईलवरच्या हवामानाच्या ॲपमधला दाब हाताने टाकतात, तो समुद्रसपाटीला आणलेला असतो. ५०० मीटर उंचीवर खरा दाब ९५५ च्या आसपास असतो आणि ॲप १०१३ दाखवतं, तेवढ्यानेच ७ टक्के एचपी गायब होतात. तुमचा ९६० आहे म्हणजे बहुतेक मशीनचाच सेन्सर वाचतोय, तरी खात्री करा.

मोजपट्टी

मी मोजमापाच्या उपकरणांच्या कॅलिब्रेशनचं काम करते म्हणून लोड सेलबद्दल लिहिते, कारण अजून त्याच्याकडे कोणी बघितलेलं नाही आणि आकडा रनमागून रन स्थिर आहे म्हणजे तो खरा आहे असं होत नाही. चुकीचा काटा रोज तेवढंच चुकीचं वजन दाखवू शकतो.

मशीनबरोबर कॅलिब्रेशनचा आर्म आला असेल. तो लावा, आधी रिकामा असताना शून्य करून घ्या. मग चांगल्या काट्यावर तोलून खात्री केलेली वजनं एकेक करून लटकवा. १ मीटरच्या आर्मवर २० किलो म्हणजे १९६.२ न्यूटन मीटर दिसायला पाहिजे (आर्मचं स्वतःचं वजन शून्य करताना निघून जातं). एकच वजन लावून थांबू नका, चढत्या क्रमाने चार पाच वजनं लावा आणि मग उतरत्या क्रमाने काढत या, दोन्ही वेळचे आकडे लिहून ठेवा. चढताना एक आणि उतरताना दुसरं येत असेल तर सेल खराबच असं नाही, बऱ्याचदा सेलच्या टोकाचा जॉइंट अडकलेला असतो किंवा ब्रेकचं बॉडी कुठेतरी घासत असतं, वायरचा पाइप ताणलेला असला तरी तो थोडा भार खातो. आर्म पाणसळ लावून आडवा असायला हवा, १० डिग्री वाकडा असला तर दीड टक्का तिथेच जातो. हे सगळं एकदा थंड मशीनवर करा आणि एकदा बरेच रन झाल्यावर, कारण एडी करंट ब्रेक प्रचंड तापतो आणि ती उष्णता सेलपर्यंत आली की शून्य सरकतं.

ड्रमच्या स्पीड सेन्सरचंही बघा, एका फेरीला किती पल्स येतात ते सॉफ्टवेअरमध्ये बरोबर आहे ना. ड्रमवर खूण करून बाहेरच्या टॅकोमीटरने ताडून बघता येतं. स्पीडमध्ये १ टक्का चूक असेल तर ब्रेकच्या हिशोबात १ टक्काच चूक येते पण ड्रमच्या इनर्शियावरून (जड ड्रम किती झपाट्याने वेग घेतो त्यावरून) काढलेल्या पॉवरमध्ये २ टक्के, कारण तिथे वेग आणि वेगवाढ दोन्ही गुणले जातात.

टॉप_गिअर_नको

दुसऱ्या दिवशी ८९ का आलं याचं उत्तर मला गाडी पट्ट्यांनी ड्रमवर बांधण्यात दिसतंय. पट्टे किती ताणले, टायरमध्ये हवा किती होती, टायर थंड होता का गरम, हे दोन्ही दिवशी सारखं होतं का? पट्टा जास्त आवळला की टायर ड्रमवर जास्त दबतो आणि तेवढी पॉवर रबर तापवण्यातच जाते, आणि सैल ठेवला तर टायर घसरतो. घसरतोय की नाही हे बघायचा सोपा मार्ग म्हणजे इंजिनचा आरपीएम भागिले ड्रमचा स्पीड असा ग्राफ काढायचा. गिअर लॉक आहे म्हणजे ती रेष जवळपास सपाट यायला पाहिजे, जिथे टॉर्क जास्त आहे तिथे ती वर उचलली तर टायर घसरतोय नाहीतर क्लच. पण हे करताना आरपीएम इंजिनवरून घेतलेला हवा, ड्रमवरून गिअरच्या रेशोने काढलेला असेल तर रेष कायम सपाटच दिसणार.

माझ्याकडे प्रत्येक गाडीच्या फाइलमध्ये टायरची हवा, कितवा गिअर, इंजिन ऑइलचं तापमान, पट्टे कुठल्या हुकला हे सगळं लिहिलेलं असतं आणि परत आली की तसंच्या तसं. गिअर १:१ च्या जवळचा घ्या आणि दर वेळी तोच. खालच्या गिअरमध्ये इंजिन झपाट्याने चढतं, मग फ्लायव्हील आणि चाकं फिरवण्यातच बरीच पॉवर खर्च होते आणि ती ड्रमपर्यंत येत नाही. रॅम्पचा वेग, म्हणजे रनमध्ये आरपीएम किती झपाट्याने चढू द्यायचा ते, बदलला तरी तेच होतं.

ड्रमवाला

सगळं वाचून एकेक करत गेलो. तापमानाचा सेन्सर मशीन बसवताना पुढच्या खांबावर लावलेला होता, बरोबर रेडिएटरच्या झोतात, तो हलवला आणि त्याच कारचे तीन रन ९०.९, ९१.२, ९०.६ आले. ताई, तुमचा अंदाज अगदी बरोबर निघाला, वजनं काढताना आकडा पूर्ण खाली येत नव्हता, सेलच्या खालच्या टोकाचं बेअरिंग गंजून जाम झालं होतं. ते बदललं, परत कॅलिब्रेट केलं, आता चढताना उतरताना सारखं येतंय. पट्टे आणि टायरची हवा सारखी ठेवून दुसऱ्या दिवशी रन घेतले तर फरक एक टक्क्याच्या आत.

दुसऱ्या डायनोचा कागद मिळाला. खाली बारीक अक्षरात एसटीडी करेक्शन, युनिट पीएस, आणि वर इंजिन पॉवर असं लिहिलंय. एवढ्याने एवढा फरक पडतो का?

पिस्टनरिंग

पडतो. एसटीडी हे करेक्शनचं दुसरं स्टँडर्ड एसएईपेक्षा साधारण ४ टक्के जास्त दाखवतं, पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) हे एचपीपेक्षा १.४ टक्के जास्त, आणि इंजिन पॉवर म्हणजे चाकावरची नाही, त्यात गिअरबॉक्स आणि टायरमध्ये जाणारी पॉवर कोस्ट डाउनवरून (क्लच दाबून चाकं आपोआप किती लवकर मंदावतात त्यावरून) किंवा सरळ ठरावीक टक्क्यांनी परत मिळवलेली असते. तुमचा ९१ हा चाकावरचा एसएई आहे. दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवण्यात अर्थच नाही.

तुमच्या ग्राफवर करेक्शन कुठलं, युनिट कुठलं आणि चाकावरची पॉवर का इंजिनची हे मोठ्या अक्षरात छापा. टर्बो गाड्यांना मात्र करेक्शन न लावलेला आकडासुद्धा शेजारी द्या, कारण बाहेर हवा विरळ असली तरी बऱ्याच गाड्यांचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, भरून काढतो आणि मग जी पॉवर गमावलीच नाही ती करेक्शनमध्ये फुकट मिळते.