रबराचा चीक गोठवण्यासाठी कोणते आम्ल वापरावे? मदत हवी आहे

आमची रबराची लहान बाग दोडामार्ग तालुक्यात असून, चिकापासून पत्रे तयार करण्याचे काम आम्ही घरीच करतो. ताज्या चिकात साधारण ३० ते ४० टक्के कोरडे रबर असते; तो गाळून, पाणी घालून हे प्रमाण सुमारे १२.५ टक्क्यांवर आणल्यानंतर आम्ही त्यात ०.५ टक्के तीव्रतेचे फॉर्मिक आम्ल मिसळतो आणि दुसऱ्या दिवशी गोठलेला गोळा रोलरमधून काढतो.

फॉर्मिक आम्ल महाग पडते, म्हणून शेजारचे काही बागायतदार सल्फ्युरिक आम्ल सुचवतात. ते उडून जात नसल्याने पत्रा नीट धुतला न गेल्यास अंश मागे राहतो, रबराचा दर्जा उतरतो आणि रोलरही गंजतात, अशी माझी समजूत आहे. तरीही सौम्य प्रमाणात वापरून चांगली प्रतवारी मिळवणारे कोणी असल्यास त्यांनी प्रमाण कळवावे. ॲसेटिक आम्लाचा खर्च परवडतो का?

दुसरी अडचण पावसाळ्याची आहे. चीक वाटीतच गोठू नये म्हणून थोडा अमोनिया घातला, तर पुढे आम्ल किती वाढवावे लागते? केरळमध्ये काम केलेल्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडेल.