मदत हवी आहे : जुनी पोलो जीटी की नवी स्विफ्ट? रविवारपर्यंत सांगायचंय

हाफ_क्लच
नमस्कार मंडळी. नमनाला घडाभर तेल नको, थेट विचारतो. पोलो जीटी टीएसआय मिळतेय, ४.७५ म्हणतोय, ४.६० ला सुटेल. दुसरीकडे नवी स्विफ्ट, जीएसटी उतरल्यानंतरचं ऑनरोड ८.४० चं कोटेशन हातात आहे. पोलो चालवून बघितली आणि डोकं फिरलंय. घरच्यांचा कौल स्विफ्टला. रविवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. काय करू? 'शेवटी तुमच्यावर आहे' असलं उत्तर कृपया नको.

गॅरेजकाका
कुठल्या सालची? किती पळालेली? कितवा मालक? रनिंग किती, गाव कुठलं? ज्योतिषालासुद्धा जन्मवेळ तरी सांगतात.

चिंचगूळ
सीएनजी घ्या. स्विफ्ट सीएनजी किलोला ३२ चं मायलेज देते. विषय संपला.

टर्बो_तात्या
चिंचगूळ, माणूस जीटी विचारतोय आणि तुम्ही त्याला सिलिंडर देताय. डिकीत टाकी बसली की बॅगा काय मांडीवर घ्यायच्या?
हाफक्लच, डोळे मिटून पोलो घ्या. १.२ टर्बो, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि तोही १५०० आरपीएमपासून. स्विफ्टचं नवं तीन सिलिंडरचं इंजिन ८२ आणि ११२ वर थांबतं. घाटात ट्रकमागून बाहेर पडताना हा फरक पुस्तकातला राहत नाही, पाठीला कळतो.

गॅरेजकाका
डोळे मिटून काहीच घेऊ नका. २०१३ ते २०२० मधल्या जीटी टीएसआयमध्ये सात गियरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गियरबॉक्स) आहे, ड्राय क्लचचा. म्हणजे क्लच तेलात बुडालेला नसतो, हवेवर थंड होतो. सिग्नलला एकेक फूट सरकत राहिलात की तो अर्धवट घासत राहतो आणि तापतो. वर मेकॅट्रॉनिक नावाचं डोकं गियरबॉक्समध्येच बसवलेलं. ते गेलं तर बिलात लाखाचा आकडा दिसायला वेळ लागत नाही. मोकळ्या रस्त्याला मात्र तोच गियरबॉक्स लोण्यासारखा. म्हणून विचारतोय, राहता कुठे आणि चालवता कुठे?

हाफ_क्लच
२०१६ ची, ६८ हजार किमी, एकच मालक. ऑफिस हिंजवडी, राहायला वारजे.

मुक्काम_पोस्ट_बाणेर
हिंजवडी?? आणि ड्राय क्लच?? स्विफ्ट घ्या, तीही मॅन्युअल. पुढचा धागा.

आकडेमोड
भावनेत न जाता हिशोब मांडू. वारजे-हिंजवडी जाऊन-येऊन आणि इतर मिळून महिना १,२०० किमी धरतो. पोलो शहरात ११ देईल, स्विफ्ट १८ (कंपनीचा २४.८ चा आकडा वेगळा, तो भिंतीवर लावायचा). पेट्रोल १०४ धरलं तर पोलोला ११,३०० च्या आसपास, स्विफ्टला ६,९००. महिन्याला फरक ४,४००, वर्षाला साधारण ५३ हजार.
आता उलट बाजू. स्विफ्ट ३ लाख ८० हजारांनी महाग. तेवढे पैसे पेट्रोलमधून सुटायला सात वर्षं लागतील. त्यामुळे 'मायलेजसाठी नवी घेतो' हे कारण निदान मला तरी पटत नाही. नवी घ्यायची तर वॉरंटी, सहा एअरबॅग आणि रात्रीच्या झोपेसाठी घ्या.

चिंचगूळ
आणि सीएनजीचा हिशोब?

आकडेमोड
त्यात पंपावरच्या रांगेतल्या तासांचा भाव काय धरू, सांगा. लगेच मांडतो.

सुगरण_सुमन
गाडीतलं मला फार कळत नाही, पण मागे कोण बसणार हे कुणी विचारलंच नाही. आमच्या जावेच्या पोलोत मी एकदा कोल्हापूरपर्यंत मागे बसले होते. गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, आणि मी काही उंच नाही. घरात वडीलधारी असतील तर त्यांना आधी बसवून बघा.

जप्ती_अधिकारी
२०१६ ची म्हणजे पुढच्या वर्षी १० वर्षं होतात. मग गाडी जप्त. फुकटसुद्धा घेऊ नका.

गॅरेजकाका
अहो, १० वर्षांची भानगड दिल्ली-एनसीआरमधल्या डिझेलची. पेट्रोलला तिथेही १५. ही पेट्रोल गाडी आहे, महाराष्ट्रातली आहे, नोंदणी २०३१ पर्यंत चालेल. त्यानंतर आरटीओत पासिंग करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षं वाढवता येते. उगाच घाबरवू नका.

श्टुटगार्टचा_श्याम
इथे जर्मनीत दर दोन वर्षांनी गाडीची कडक तपासणी होते, त्यामुळे जुनी गाडी बिनधास्त घेता येते. मी स्वतः जुनी ऑक्टाव्हिया आरएस वापरतो, ऑटोबानवर २०० ला काही जाणवत नाही. हिवाळ्याचे टायर मात्र वेगळे घ्यावे लागतात.

टर्बो_तात्या
श्यामराव, चांदणी चौकात २०० ला खड्डासुद्धा जाणवणार नाही, कारण गाडीच उरणार नाही. हलके घ्या.

विद्युत_वेग
२०२५ मध्ये पेट्रोलवर चर्चा बघून गंमत वाटते. इलेक्ट्रिक घ्या. टॉर्क हवा ना? शून्यापासून मिळतो.

मुक्काम_पोस्ट_बाणेर
आमच्या सोसायटीत चार्जरच्या अर्जावर दीड वर्षं सभा चालू आहेत. अजून इतिवृत्तच मंजूर नाही.

विद्युत_वेग
ते सोसायटीचं दुखणं आहे, गाडीचं नाही.

नाव_घेत_नाही
अनुभव सांगतो, गाडीचं आणि वर्कशॉपचं नाव घेत नाही. मीही अशीच एक जुनी, दमदार गाडी हौसेने घेतली होती. पहिले आठ महिने स्वर्ग. मग एका पार्टसाठी गाडी ४१ दिवस वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मी रोज रिक्षाने, हप्ता मात्र चालू. तिकडचा वॉचमन मला चहा पाजायला लागला होता. पण खरं सांगू? विकली त्या दिवशी किल्ली देताना हात जड झाला. तेव्हा सल्ला एवढाच : गाडीच्या किमतीपलीकडे लाख-सव्वा लाख बाजूला असतील तरच. ४.६० ची गाडी ४.६० ला पडत नाही.

सुगरण_सुमन
धागाकर्ते गायब?

हाफ_क्लच
मीटिंगमध्ये होतो. एक गैरसमज दिसतोय. ऑफिसला गाडी नेत नाही, कंपनीची बस आहे, आणि जायचंही आठवड्यातून तीनच दिवस. गाडी शनिवार-रविवारची. महिन्यातून एकदा वाईला, आई-वडील तिकडे असतात. सगळं मिळून ४५०-५०० किमी. पैशाचं म्हणाल तर ६ लाख हातात आहेत, स्विफ्टला वरचं कर्ज लागेल.

आकडेमोड
हे आधी सांगायचं ना राव! माझी सगळी पाटी पुसली. ४५० किमीला, घाट आणि हायवे धरून पोलो १२ देईल. फरक महिन्याला १,३०० रुपये. आता ३.८० लाख पेट्रोलमधून वसूल व्हायला २४ वर्षं लागतील. शिवाय पोलो घेतल्यावर हातात १.४० उरतात, म्हणजे वरच्या भाऊंची अटही पूर्ण होते.

गॅरेजकाका
माझंही मत फिरलं. आठवड्याला एकदा चालणारी, खंबाटकी चढणारी गाडी असेल तर डीएसजीला त्रास कमी. फक्त उभी राहून बॅटरी बसते, अधूनमधून अर्धा तास फिरवून आणा. घेण्याआधी स्कॅनर लावून क्लचचं तापमान आणि अ‍ॅडॅप्टेशनचे आकडे (क्लच किती झिजलाय ते) बघून घ्या. थंड गाडीवर चाचणी करा, गरम करून ठेवलेल्यावर नको. रिव्हर्स-ड्राइव्ह-रिव्हर्स दहा वेळा. चढावर ब्रेक सोडून सरकते कशी ते बघा. पॅनेलवर गियरचं अक्षर लुकलुकलं तर तिथूनच नमस्कार.

मुक्काम_पोस्ट_बाणेर
सुरक्षेचं कुणी बोलतच नाही. पोलोत दोन एअरबॅग, नव्या स्विफ्टमध्ये सहा.

टर्बो_तात्या
पोलोला २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत ४ तारे मिळालेत. दार लावल्याचा आवाज ऐका एकदा.

मुक्काम_पोस्ट_बाणेर
ते ४ तारे जुन्या नियमांचे. त्याच चाचणीत बिनएअरबॅगच्या पोलोला शून्य मिळालं होतं, तेही सांगा की. दार तेच होतं, आवाजही तोच. २०२४ मध्ये नव्या नियमांत स्विफ्टच्याच बहिणीने, डिझायरने, ५ आणले.

टर्बो_तात्या
डिझायर कोण घेतंय इथे?

चिंचगूळ
डिझायर सीएनजी चांगली आहे.

गॅरेजकाका
पेट्रोलचंही लक्षात घ्या. आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉल. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या १० टक्के धरून बनवलेल्या. उद्या बंद पडेल असं नाही, पण इंधनाचे रबरी पाइप आणि सील वर्षातून एकदा हात लावून तपासायचे. आणि हो, हाफक्लच, विकणारा डीलर आहे की घरगुती?

हाफ_क्लच
घरगुतीच. मेव्हणा आहे. १७ तारखेला मेलबर्नला चाललाय, म्हणून रविवार.

सुगरण_सुमन
अगंबाई! मेव्हण्याची गाडी! मग हा प्रश्न गाडीचा नाहीच मुळी.

नाव_घेत_नाही
नातेवाइकाची गाडी घेऊ नये. बिघडली तर शिवी कुणाला घालणार?

टर्बो_तात्या
उलट, घरातलीच घ्यावी. कशी वापरली ते डोळ्यांसमोर असतं.

आकडेमोड
भावनेचं नंतर बघा, आधी कागद. तो विमानात बसायच्या आत मालकी बदलाच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सह्या घ्या. नाव बदलण्याचा अर्ज ऑनलाइन भरताना ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो. तो मेलबर्नला आणि सिम कपाटात असं झालं तर बसा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. विम्यातला नो क्लेम बोनस त्याचा, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे हप्ता तुम्हाला जास्त बसेल.

हाफ_क्लच
अपडेट. काल सकाळी सहाला मेव्हणा, मी, बायको आणि एक मेकॅनिक असे कात्रजच्या जुन्या घाटात जाऊन आलो. स्कॅनरवर लाल काही आलं नाही. मेकॅनिकने टायरवर टॉर्च मारली तर चार आकडे निघाले, ३२१८. म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. नक्षी शिल्लक आहे पण बाजूला बारीक भेगा, रबर नखाने दाबलं तर दगड. चारही बदलावे लागणार. मेव्हण्याने गुपचूप २० हजार कमी केले. नवी नंबरप्लेटही बसवलेली नाही, ती तो जाण्याआधी बसवून देतो म्हणाला. परत येताना मेव्हणा वाटेत उतरला तेव्हा त्याने गाडी माझ्या बायकोच्या हातात दिली, म्हणजे वारज्याच्या पुलाखालून पुढे तिनेच आणली. ती काही बोलली नाही. घरी आल्यावर फक्त विचारलं, आपली स्विफ्टची टोकन पावती कुठे आहे.

गॅरेजकाका
टोकन?? ते कधी दिलंत?

हाफ_क्लच
ते सांगितलं नव्हतं का? ११,००० भरलेत, डिलिव्हरी धनत्रयोदशीची होती. बाबांना रविवारी वाईहून आणतोय, ते मागे बसून बघतील. तोपर्यंत दोन गोष्टी सांगा. बुकिंग रद्द करायला काही अर्ज द्यावा लागतो की नुसता मेल चालतो? आणि १८५/६० आर १५ मध्ये टायर कुठले घ्यावेत?

टर्बो_तात्या
टायरसाठी वेगळा धागा काढा, आणि गाडी कुठे चालवणार ते या वेळी पहिल्याच ओळीत लिहा.