चिंगी शिकतेय का, हे नोंदवहीवरून कसं ओळखू?

कृष्णाकाठ:
नमस्कार. माझं वय ४८, सांगलीला राहते. गेल्या नऊ वर्षांत दोन्ही कानांनी ऐकू येणं कमी होत गेलं. दिवसा यंत्र लावते, पण रात्री काढून ठेवलं की शेजारी भांडी पडली तरी कळत नाही. मिस्टरांची आठवड्याआड रात्रपाळी असते. म्हणून आमच्या चिंगी कुत्रीला (गल्लीतलीच, अडीच वर्षांची) आवाज झाला की मला कळवायला शिकवतेय. तिनं माझ्याकडे यायचं, गुडघ्याला नाक लावायचं आणि मी तळवे वर करून 'काय झालं?' अशी खूण केली की आवाजाच्या जागी मला न्यायचं. दाराची बेल, कुकरची शिट्टी आणि मोबाइलचा गजर, असे तीनच आवाज घेतलेत.

पाच महिने झाले. मुलाच्या जुन्या वहीत रोज लिहिते. दहा वेळा आवाज, जमलं तर बरोबरची खूण, नाही तर फुली. बेल ८-९ वर आहे, गजर ७ वर. कुकर दिवाळीपर्यंत ७ वर होता, तो ३ वर आला आणि तिथंच अडकलाय. फटाक्यांना घाबरली म्हणावं, तर मग बेल कशी बिघडली नाही? मुलगा म्हणतो, तिला कंटाळा आलाय, बंद कर. मला नाही तसं वाटत. शिट्टी झाली की झोपेतून मान वर करते ती. काय लिहून ठेवू म्हणजे नेमकं कुठं अडतंय ते दिसेल?

रानवाट:
ताई, तुमच्या एका फुलीत तीन वेगळी कामं कोंबली गेलीत. आली का, नाक लावलं का, घेऊन गेली का, असे तीन रकाने करा. आवाजापासून नाक लावेपर्यंत किती सेकंद गेले तेही लिहा. आमच्या कुत्र्याच्या वेळी संख्या हलायची नाही, पण वेळ १५ सेकंदांवरून ६ वर आली होती, म्हणजे तो शिकत होता. तिचं अंगही बघा. कान मागे, जिभल्या चाटणं, झोप नसताना जांभई, ही ताणाची चिन्हं; यातलं काही दिसलं तर ते अंकाइतकंच महत्त्वाचं. आणि सलग दहा वेळा नको, तीन-तीन करून दिवसभरात वाटा. अंतर, खोली, आवाज यातलं एका वेळी एकच बदला, नाहीतर आकडा कशामुळे पडला ते वहीला सांगता येणार नाही.

दूरदेशी:
न्यू जर्सीहून लिहितेय. इथं कायद्यानं मदतनीस कुत्रा घरी शिकवला तरी चालतो, प्रमाणपत्राची अट नाही. त्यामुळे खरी जबाबदारी आपल्याच वहीवर येते. असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल या मदतनीस कुत्र्यांच्या संस्थांच्या संघटनेच्या निकषात पहिल्याच सूचनेला ९० टक्के वेळा प्रतिसाद हवा, घरीही आणि बाहेरही. दहात आठवर खूश होऊन मी वर्षभर थांबले होते, ते करू नका. पुढं धुराचा अलार्म घेतलात तर त्या आवाजाकडे नेऊ द्यायचं नाही. नाक लावून तिथंच खाली पडायचं, असं शिकवतात.

अंगणवेल:
बेल कोण वाजवतं? मुलगा चपला घालून बाहेर गेला की चिंगीला तेवढ्यानंच कळत असेल. बर्लिनचा गणित करणारा घोडा, हान्स, आठवतो का? तो खूर आपटून उत्तर मोजायचा, पण आपटणं थांबवायचा ते माणसांच्या नकळत होणाऱ्या हालचाली बघून, हे मानसशास्त्रज्ञ ऑस्कर प्फुंग्स्टनं १९०७ च्या पुस्तकात दाखवून दिलं. मुलाला आधीच बाहेर बसवा, वेळा त्यालाच ठरवू द्या. आणि कधीकधी तो बाहेर जाऊनही बेल वाजवणार नाही, असं करा. तेव्हा चिंगी आली तर तीही नोंद हवी.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. सहा दिवस तीन रकाने केले. कुकरला ३० पैकी २७ वेळा आली, २६ वेळा नाक लावलं, आणि घेऊन गेली फक्त ४ वेळा! स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकते, कान मागे, जिभल्या. मग आठवलं, लक्ष्मीपूजनाला परसात, अगदी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पोरांनी फटाक्यांची माळ लावली होती. दार पुढच्या बाजूला, म्हणून बेल शाबूत राहिली. तिला कंटाळा नव्हताच. एवढे दिवस मी तिच्या नावावर फुल्या मारत होते, फार वाईट वाटलं.

बेल मात्र अंगणवेलनं सांगितलं तशी घेतली तर ९ वरून ६ वर आली. तिथं पुन्हा मागून सुरुवात.

आता गॅस बंद ठेवून उंबऱ्याशी बसते आणि तिला उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे देते. कालपर्यंत बाहेरूनच मान लांब करायची. आज पुढचे दोन पाय आत आले. त्यासाठी चौथा रकाना आखलाय.