मांजराला तुम्ही ताटातलं काय काय दिलं? अनुभव लिहा

कापूसकोंड्या
परवा दारव्ह्याकडे एका तेरवीला गेलो होतो. पंगतीत एक भाटी पत्रावळींच्या मधून फिरून राहिली होती अन् पोट्टे तिला वडा, कढीभात, वांग्याची भाजी, जे हाती येईल ते टाकत होते. तिने वडा हुंगून सोडला, भाजीवरची तर्री तेवढी चाटली. मला आमच्या मोठ्या आईची मनी आठवली. मोठी आई तिला दुधात भाकर कुस्करून द्यायची पण थोडीशीच, म्हणायची पोट भरलं तं उंदीर कोण धरन? आता घरी पोरीनं पिल्लू आणलं तं ती रोज मोबाईल पाहून सांगते, बाबा हे नका देऊ ते नका देऊ. तुमच्या इकडे काय चाललं, काय बाधलं? लिहा बाप्पा.

तर्रीबाज
वडा सोडला? मग ते मांजर आपल्या विदर्भाचं नोहे 😂

धुऱ्यावरची
दूध सगळ्यांनाच बाधते असं नाही भाऊ. आमच्याकडे हे धार काढायला बसले की दोघी मायलेकी गोठ्यात हजर, बादलीपासून हातभर दूर, शेपटी पायावर गुंडाळून. फेस काढून दिला की मिशा पांढऱ्या होईपर्यंत चाटतात. पण मायला लगेच ढाळ लागते अन् लेक ठणठणीत. डॉक्टर म्हणाले लहानपणी दूध पचवणारा रस पोटात राहतो, वय वाढलं की तो कमी होत जाते, कोणाचा जास्त कोणाचा कमी. म्हणून आता लेकीला फेस अन् मायला पाणी. ती माय माझ्याकडे असं पाहते जसं मी तिचा सातबाराच नावावर करून घेतला.

गुळाची_ढेप
दारव्ह्याकडे कोणाकडे होती तेरवी? आमचे सोयरे आहेत तिकडे

व्हेटर्नरीवाल्याची आई
मुलगा नागपूरला व्हेटर्नरीला आहे त्यामुळे आमच्या घरी फोडणी टाकतानाही लेक्चर राहते. दूध राहू द्या हो, जास्तीत जास्त पोट बिघडन. खरा धोका कांदा अन् लसणाचा. मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी त्याने फुटतात. शिजवला म्हणून जहर जात नाही, अन् लसणाची पावडर, कांद्याची पावडर तर आणखी वाईट कारण थोड्यातच खूप अर्क राहते. लगेच काही दिसत नाही, काही दिवसांनी जनावर गळून बसते, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, आपण म्हणतो नजर लागली. आता आपला रस्सा सांगा, कांदा-लसणाशिवाय असते का? तर्री चाटली म्हणता त्या भाटीला थोडं लक्ष ठेवायला सांगा तिकडे.

कापूसकोंड्या
काकू तुम्ही तं मले घाबरवलं. फोन करतो त्यांना. @गुळाची_ढेप तुम्हाला खाजगीत निरोप करतो

मामातलाव
भंडाऱ्याकडे मांजर म्हणजे तलावावरचंच जनावर. जाळं ओढलं की बारीक मासोळी त्यांचीच. पण रोज रोज कच्चीच मासोळी नका देऊ, काही गोड्या पाण्यातल्या माशात बी-वन जीवनसत्त्व मोडणारं काही राहते, आमच्या बोक्याची मान लटकून राहिली होती, झोकांड्या खात होता, इंजेक्शनं दिली तेव्हा सुधरला. आता आई मासोळी उकडून काटे काढून देते, मीठ-हळदीच्या आधीच बाजूला काढते. सुकट मागते तो पण ती खारट, म्हणून नाही देत. शिजलेली कोंबडीची हड्डीही नको, चिरते अन् घशात अडकते. कच्ची कमी तुटते म्हणतात पण आम्ही तीही नाही देत. मोबाईलवर टाइप करता करता भात लागला, येतो

रानमेवा
खाण्याचं नाही पण लिहितेच. शेजाऱ्यांकडे मांजराचं अंग गरम लागलं म्हणून घरातली तापाची गोळी, आपली पॅरासिटामॉल, अर्धी करून दुधात दिली. संध्याकाळपर्यंत तोंड सुजलं, हिरड्या मातकट झाल्या, श्वास लागला. गेलं ते. मांजराचं लिव्हर ती गोळी निस्तरूच शकत नाही, अर्धी काय अन् पाव काय. लहान पोरांना चालते मग मांजराला का नाही, असं सगळ्यांना वाटते ना.

धुऱ्यावरची
अरेरे 😢

पाटोडीरस्सा
लाईन गेली होती आत्ता आली. वाचतो सगळं.

गुळाची_ढेप
आमची मांजर पोळ्याला पुरणपोळीवरचं तूप चाटते अन् पोळी तशीच. मी समजत होते नखरे आहेत. तं मांजरीला गोड लागतच नाही म्हणे, गोडाची चव कळायला जे जनुक लागते ते तिच्यात बंदच आहे, 2005 मध्ये शोध लागला. म्हणजे इतकी वर्षं मी कोणासाठी गूळ कालवून राहिली होती! आमच्या ह्यांचं उलट, डॉक्टरने साखर बंद केली तरी डबा शोधतात.

तर्रीबाज
ताई त्यांचंही जनुक बंद करून पाहा

व्हेटर्नरीवाल्याची आई
😄 चॉकलेट मात्र गोड लागो न लागो, देऊच नका. द्राक्षं-मनुकेही नको. अन् कुत्र्याची बिस्किटं, दाणे मांजराला रोज नका देऊ. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागते, ते मांसातूनच येते, त्याशिवाय डोळे अन् हृदय खराब होते, 1987 मध्ये हृदयाचं सिद्ध झालं. गावातल्या मांजरी वरणभातावर जगल्या असं आपल्याला वाटते, खरं तर त्या धान्याच्या ढोलीतल्या उंदरांवर जगल्या. मोठ्या आईचं बरोबर होतं.

पाटोडीरस्सा
वाचलं. आमच्याकडे तुरीच्या पोत्यांना उंदरांनी भोकं पाडली, कोणाकडे पिल्लू आहे का? औषध नाही ठेवत, मेलेला उंदीर मांजराने खाल्ला तर तीही जाते.

धुऱ्यावरची
आहेत ना, लेकीने घातली आहेत. बोका पाहिजे की भाटी?

पाटोडीरस्सा
भाटी. बोका गावभर फिरते

धुऱ्यावरची
एक तिरंगी आहे, पांढरी-काळी-तांबडी, तिरंगी बहुतेक भाटीच राहते. अजून मायचंच पीत आहे, पोळ्यानंतर या. येताना तुरीची डाळ आणजा, फुकट नाही देत आम्ही 😄

मामातलाव
भात करपला.