जावास्क्रिप्ट सोडून गो लिहायला घेतलं, आणि कंपायलर ओळीओळीला अडवतोय

भोगावतीकाठ:

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, पण नीट सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

मी राधानगरी तालुक्यातली. गेली सात वर्षं आमच्या आणि शेजारच्या गावांतल्या दूध संस्थांसाठी प्रोग्रॅम लिहिते. सकाळ-संध्याकाळ संकलन चालू असताना मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) येतं, काट्यावरून लिटर येतात, दरपत्रकातून दर निघतो आणि दहा दिवसांनी सभासदाच्या हातात बिल पडतं. हे सगळं मी नोडवर (पीसीवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) जावास्क्रिप्टमध्ये केलेलं आहे. शिकवायला कोणी नव्हतं, बघून बघून शिकले. प्रोग्रॅम चालतो, लोकांची बिलं निघतात.

आता तेच गो या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत नव्याने लिहायला घेतलंय. कारण साधं आहे. संस्थेतल्या पीसीवर नोड टाका, मग त्याची लायब्ररी टाका, मग एक दिवस काहीतरी अपडेट होतं आणि पहाटे साडेपाचला सचिवांचा फोन येतो. गोची एकच फाइल बनते, ती कॉपी केली की झालं. एवढ्यासाठी आले, आणि तीन आठवडे झाले, पाय रोवता येईना.

पहिली गोष्ट, न वापरलेलं व्हेरिएबल. काहीतरी तपासायला एक ओळ बंद केली की कंपायलर (कोड तपासून त्याचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा) म्हणतो ‘डिक्लेअर्ड अँड नॉट यूज्ड’. ते व्हेरिएबल काढलं की वरचा इम्पोर्ट (बाहेरून मागवलेली लायब्ररी) वापरात नाही म्हणून अडतो. तो काढला, ओळ परत चालू केली, की इम्पोर्ट सापडत नाही. दोन मिनिटांच्या कामाला पंधरा मिनिटं जातात.

दुसरी, आकडे. लिटर इंट (पूर्णांक) आहे आणि दर फ्लोट६४ (दशांशाचा आकडा) आहे, तर गुणाकारच होत नाही, ‘मिसमॅच्ड टाइप्स’. इंट आणि इंट६४ सुद्धा एकमेकांत चालत नाहीत! म्हणून मी दिसेल तिथे आकड्याचा प्रकार बदलणारा फ्लोट६४ चा कंस घालत सुटले. बिलाच्या एका फंक्शनमध्ये असे अकरा कंस आहेत. माझंच मला वाचता येईना.

तिसरी सगळ्यात वाईट, कारण इथे कंपायलरने काहीच सांगितलं नाही. फंक्शनच्या सुरुवातीला ‘दर := ०.०’ लिहिलं. खाली इफच्या (अटीच्या) आत ‘दर, एरर := दरशोध…’ असं लिहून दर काढला आणि लॉगमध्ये छापून बघितला. लॉगमध्ये दर बरोबर. बिल मात्र शून्य रुपये. दोन रात्री गेल्या. कोलन काढून नुसतं ‘=’ केल्यावर सुटलं, पण का सुटलं हे अजून कळलेलं नाही.

आणि एक मनाला लागलेली गोष्ट. जावास्क्रिप्टमध्ये मी व्हेरिएबलची नावं मराठीतच ठेवायची. लिटर, दर, फॅट, सभासद. माझा कोड माझ्या बोलण्यासारखा वाचता यायचा. गो ‘दर’ घेतो आणि ‘लिटर’ घेत नाही. असं का?

गो सोडून परत जावं असं वाटत नाही. पण ज्यांनी असा बदल केलाय त्यांना सवय कशी लागली, ते सांगा.

घाटमाथा:

ताई, मी पीएचपीवरून गोकडे आलो, चार वर्षं झाली. तुमचा तिसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो सगळ्यांना एकदा तरी चावतो.

‘:=’ म्हणजे ‘या कंसात नवं व्हेरिएबल तयार कर’. इफचा महिरपी कंस उघडला की आतलं घर वेगळं. तिथे ‘दर, एरर :=’ लिहिल्यावर आतला दर नवा जन्मला, बाहेरचा शून्यावरच राहिला. लॉग आतल्याचा, बिल बाहेरच्याचं. आतला दर तुम्ही छापलात, म्हणजे ‘वापरला’, म्हणून कंपायलर गप्प बसला. छापला नसता तर त्याने तिथेच पकडलं असतं. दोन्ही ओळी एकाच कंसात असत्या, तर गोने जुनाच दर वापरून फक्त एरर नवा केला असता, म्हणून डोळ्याला फसवतं. उपाय: एरर आधी वर ‘व्हार’ने जाहीर करा आणि आत साधं ‘=’ वापरा. गोसोबत येणारं ‘गो व्हेट’ हे तपासणीचं साधन आपणहून हे दाखवत नाही, त्यासाठी ‘शॅडो’ नावाची वेगळी तपासणी मिळते, ती बसवून घ्या.

पहिल्या मुद्द्याचं: एडिटरमध्ये गोचं एक्स्टेन्शन टाकून फाइल सेव्ह करताना इम्पोर्ट आपोआप लागतील-निघतील असं ठेवा, निम्मा त्रास तिथेच संपतो. तपासणी चालू असताना एखादं व्हेरिएबल राहू द्यायचंच असेल तर ‘_ = दर’ अशी ओळ तात्पुरती टाका. मात्र काम झाल्यावर ती शोधून काढायची. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत यामागचा विचार दिलाय: न वापरलेलं व्हेरिएबल ही बऱ्याचदा चुकीची खूण असते, आणि न वापरलेले इम्पोर्ट कंपाइल व्हायला उगाच वेळ खातात. मला सुरुवातीला पटलं नव्हतं. मग एका ठिकाणी सवलतीची रक्कम काढून बिलातून वजा करायलाच विसरलो होतो, ते याच एररने सांगितलं.

आता कंसांचं. अकरा कंस आहेत याचा अर्थ कच्चा माल घरात शिरलाय. चपला उंबऱ्याबाहेर काढतो तसं करा. मशीनवरून आणि फाइलमधून जे येतं ते सगळं अक्षरं, म्हणजे स्ट्रिंग असतं. ते जिथे आत येतं, त्या एकाच फंक्शनमध्ये त्याचे आकडे करा आणि पुढे कुठेही बदलू नका. पैशासाठी फ्लोट वापरू नका, पैसे पैशांतच ठेवा, इंट६४ मध्ये. फॅट १०.२ असेल तर १०२ ठेवा. ४.३५ लिटर म्हणजे ४३५. मग ६१ रुपये ५० पैसे दराने ४३५ गुणिले ६१५०, भागिले १००.

इथे एक थांबा आहे. २६,७५,२५० भागिले १०० म्हणजे २६,७५२ असं काहीतरी डोक्यात येतं, प्रत्यक्षात २६,७५२.५ पैसे. गोचा पूर्णांकी भागाकार तो अर्धा पैसा टाकून देतो. तो सभासदाला द्यायचा का संस्थेला, हे संस्थेला विचारून ठरवा. वर न्यायचा असेल तर भागण्याआधी ५० मिळवा.

आणि प्रत्येक प्रकाराला स्वतःचं नाव द्या: पैशांचा एक टाइप, लिटरचा एक, फॅटचा एक. तिन्ही आतून इंट६४ असले तरी गो त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. चुकून फॅटमध्ये लिटर मिळवलेत तर कंपाइलच होणार नाही. लिटर आणि दर यांचा गुणाकार फक्त एका फंक्शनमध्ये ठेवा, जे काही कंस लागतील ते तिथेच.

संस्थेतले पीसी विंडोज ७ चे असतील तर गो १.२० च घ्या. १.२१ पासून विंडोज १० लागतं.

अर्धविराम:

नावाबद्दल सांगते. गोच्या नियमात व्हेरिएबलचं नाव अक्षरं, आकडे आणि अधोरेखा यांचंच असतं. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) हिशोबात द आणि र ही अक्षरं आहेत, पण वेलांटी, मात्रा, उकार, पाय मोडण्याची खूण ही ‘अक्षरं’ नाहीत, ‘चिन्हं’ आहेत. म्हणून ‘दर’, ‘वजन’, ‘नग’ चालतं. ‘लिटर’मध्ये ल नंतरच्या पहिल्या वेलांटीलाच तो अडतो आणि ‘फॅट’मध्ये चंद्राला. जावास्क्रिप्ट आणि पायथन ३ चे नियम अशी चिन्हं चालवून घेतात. शिवाय गोमध्ये दुसऱ्या पॅकेजला (कोडच्या वेगळ्या गठ्ठ्याला) दिसायचं नाव मोठ्या लिपीच्या अक्षराने सुरू व्हावं लागतं आणि देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतंच, म्हणजे ‘दर’ हे नाव बाहेर दाखवताही येत नाही.

मलाही हे खटकतं. ज्या भाषेचा जवळजवळ प्रत्येक शब्द काना-मात्रा घेऊन येतो, तिला अर्धीच परवानगी म्हणजे नसल्यासारखीच. मी नावं रोमन लिपीत मराठी ठेवते आणि कोडमधल्या टिपा (कमेंट) पूर्ण देवनागरीत लिहिते. टिपांना कसलंच बंधन नाही.

जुना सीवाला:

घाटमाथा यांनी छान सांगितलंय. मी एकच जोडतो, कारण कंस घालत सुटले हे वाचून काळजी वाटली.

माझं आयुष्य सी भाषेत गेलं. सी न विचारता आकडे बदलतो. गो विचारतो, पण तुम्ही कंस घातलात की तो तुमच्यावर विश्वास ठेवतो. व्हेरिएबलमध्ये ७०,००० आहेत आणि तुम्ही इंट१६ (१६ बिटांचा लहान पूर्णांक) चा कंस घातलात, तर उत्तर ४,४६४ येतं. एरर नाही, काही नाही. व्हेरिएबलमधल्या ६४.९ ला इंटचा कंस घातला तर ६४. प्रत्येक कंस ही तुमची सही आहे.

४ जून १९९६ ला एरियन-५ रॉकेटचं पहिलं उड्डाण फ्रेंच गयानातून झालं आणि चाळीस सेकंदांच्या आसपास ते आकाशातच फुटलं. आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा ६४ बिटांच्या फ्लोटमधून १६ बिटांच्या पूर्णांकात टाकला जात होता. एरियन-४ वर तो कधी मोठा झाला नव्हता, तोच कोड पुढे वापरला. एरियन-५ वर मावला नाही. आणि प्रोग्रॅम होता एडा भाषेत, जी टाइपच्या बाबतीत गोहूनही कडक. भाषा कडक होती, त्या एका रूपांतराला संरक्षण नव्हतं.

तेव्हा तुमच्या अकरा कंसांपाशी एकेक करून थांबा आणि विचारा: इथे येणारा आकडा किती मोठा असू शकतो, आणि दशांश गेला तर कोणाचा जातो?

भोगावतीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर बसून घाटमाथा दादांनी सांगितलं तसं केलं. उंबऱ्यावरचं एक फंक्शन, आत फक्त स्वतःचे टाइप. अकराचे तीन कंस राहिले. काका, त्या तिन्हींपाशी थांबले.

पण मला दुसरंच काहीतरी सापडलंय, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जुना आणि नवा प्रोग्रॅम ताडून बघायला एका संस्थेच्या गेल्या वर्षाच्या नोंदी दोन्हींतून चालवल्या. सगळं जुळलं, म्हशीच्या २३ नोंदी सोडून. मला वाटलं नव्यातच चूक असणार. एकेक उघडून बघितल्या. सगळ्या १०.० आणि वरच्या फॅटच्या. आटत आलेल्या म्हशीचं दूध कमी आणि फॅट जास्त, तशा.

जुन्यात मशीनवरची फॅट अक्षरांतच होती आणि दरपत्रकही फाइलमधून अक्षरांतच वाचलेलं. मी पत्रकातली ओळ शोधायला दोन्हींची तुलना करत होते. आकडे असते तर १०.२ हे ५.० पेक्षा मोठे. अक्षरं म्हणून बघितलं तर पहिलं अक्षर १ हे ५ च्या आधी येतं, म्हणून १०.२ लहान ठरलं. पत्रकात ओळ सापडली नाही, आणि न सापडल्यास सगळ्यात कमी दर लावायचा असं मीच लिहून ठेवलं होतं. ५.० ते ९.९ मध्ये अक्षरांची आणि आकड्यांची तुलना एकच उत्तर देते, म्हणून इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. गुणाकाराच्या वेळी जावास्क्रिप्ट अक्षरांचे आकडे गुपचूप करून घ्यायचं, त्यामुळे तिथेही कधी अडलं नाही.

गोमध्येही दोन स्ट्रिंगची अशी तुलना चालते, मी करून बघितली, अगदी तसंच चुकीचं उत्तर येतं. फक्त गोमध्ये स्ट्रिंगचा गुणाकार होत नाही, म्हणून पत्रकातला दर अक्षरांत ठेवून मला बिलापर्यंत पोहोचताच आलं नसतं.

२३ नोंदी तीन सभासदांच्या आहेत. फरक ९१४ रुपये ४० पैसे. त्यातल्या एक मावशी आहेत, त्यांची एकच म्हैस. मला आठवतंय, मागच्या वर्षी त्या बिल घेऊन आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, ‘फॅट एवढी लागली आणि पैसं कमी कसं गं?’ मी स्क्रीनवर बघून सांगितलं होतं की हिशोब बरोबर आहे.

उद्या सकाळच्या संकलनाआधी यादी घेऊन सचिवांकडे जातेय. बाकीच्या संस्थांच्या नोंदीही काढायला घेतल्यात.

दादा, एक विचारायचं राहिलं. पत्रकात न बसणारी फॅट आली तर आता मी कमी दर लावत नाही, एरर परत करते आणि नोंद तिथेच अडवते. हे बरोबर आहे ना?

घाटमाथा:

कमी दर लावत नाही हे बरोबर. पण नोंद अडवू नका, मागे रांग उभी असते आणि दूध थांबत नाही. लिटर, फॅट, एसएनएफ लिहून घ्या, दराच्या जागी ‘बाकी’ अशी खूण ठेवा, आणि अशी एकही नोंद शिल्लक असेल तोवर दहा दिवसांचं बिल निघू देऊ नका. आणि तो दर शून्य म्हणून साठवू नका ताई. गोमध्ये काही न भरलेला इंट६४ सुद्धा शून्यच असतो, मग ‘बाकी’ कुठला आणि खरा शून्य कुठला हे कळणार नाही. त्यासाठी वेगळा बूल (हो-नाही सांगणारं व्हेरिएबल) ठेवा.

भोगावतीकाठ:

ठेवला. सचिवांनी यादी बघितली, पुढच्या बिलात तिघांचा फरक जोडून द्यायला हो म्हणालेत. मावशींच्या घरी मी आत्ता जाऊन आले.