मदत हवी आहे: ईसीडीएसए (डिजिटल सहीची एक पद्धत) सहीची टेस्ट मधूनच कोसळते, बफर किती धरायचा?

जिनिंगच्या वजनकाट्यावर प्रत्येक कापूसगाडीच्या नोंदीवर सही करणारं उपकरण आहे (हिंगणघाटकडे). सी भाषा, ओपनएसएसएल (सही-एन्क्रिप्शनची लायब्ररी), पी-२५६ वक्र (सहीच्या गणितातला ठरलेला कर्व्ह). टेस्टमध्ये सही ७१ बाइटच्या मॅलॉक केलेल्या (चालू असताना मेमरी मागून घेतलेल्या) बफरमध्ये मेमसीपीवायने (मेमरी कॉपी करणारं फंक्शन) उतरवतो. दहादा चालवली की दोन-तीनदा ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) हीप-बफर-ओव्हरफ्लो, म्हणजे बफरबाहेर लिहिल्याची चूक दाखवतो, ७२ बाइटचं लेखन. नोंद तीच, सहीची किल्ली (की) तीच. बफर ७२ केला तर पडताळणीच बहुतेक वेळा नापास होते.

उत्तर:
भाऊ, डीईआर (सही बाइटमध्ये मांडायची पद्धत) सहीची लांबी ठरलेली नसते. सहीतल्या दोन संख्या, आर आणि एस, प्रत्येकी ३२ बाइटच्या, पण वरचा बिट १ असला की संख्या ऋण वाचली जाऊ नये म्हणून पुढे ०० लागतो. तुमची सही हेक्समध्ये छापा. सुरुवात ३० ४५ ०२ २१ ०० अशी दिसली, तर ४५ म्हणजे पुढचे ६९ बाइट, एकूण ७१. दर सहीला नॉन्स (एकदाच वापरायची यादृच्छिक संख्या) नवा, म्हणून साधारण चारातून एकदा ७२, दोनदा ७१, उरलेल्या वेळी ७० किंवा क्वचित कमी. बफर ७२ चाच ठेवा.

पडताळणी नापास होते कारण तिथे लांबी म्हणून बहुधा साइझऑफ (बफरचं पूर्ण माप) दिलं असेल. सही ७० ची असेल तर मागचे दोन बाइट कचरा आणि ओपनएसएसएल तो चालवून घेत नाही. सही करताना परत आलेली सिगलेनच (सहीच्या लांबीचा व्हेरिएबल) पुढे द्या. फंक्शनला पॉइंटर आला असेल तर ६४-बिट मशीनवर साइझऑफ ८ देईल, तेही तपासा.

प्रश्नकर्ता:
सिगलेन दिली, पडताळणी पास. मग ईव्हीपी_डायजेस्टसाइन (ओपनएसएसएलचं सही करणारं फंक्शन) लूपमध्ये घातलं, तर पहिली फेरी ठीक, पुढे कुठेतरी सहीच होत नाही.

उत्तर:
सिगलेन आत जाताना बफरचं माप असते, बाहेर येताना सहीची खरी लांबी. एकदा ७० झाली की पुढच्या फेरीत बफर अपुरा ठरतो. प्रत्येक सहीआधी ती पुन्हा ७२ करा. किमान १००० फेऱ्या चालवा, पाच-दहांनी काही कळत नाही.

दुसरं उत्तर:
वक्र बदलणार असाल तर ७२ कोडमध्ये कोरू नका. सहीच्या जागी नल देऊन कमाल माप विचारून घ्या. पी-३८४ ला १०४. पी-५२१ मध्ये हमखास फसगत होते: ५२१ भागिले ८ सरळ केलं तर ६५ येतं, पाहिजे ६६. आर आणि एस प्रत्येकी ६६ आणि त्यांच्या खूण-लांबीचे २, मिळून १३६ बाइट, १२७ च्या वर, म्हणून लांबीलाच दोन बाइट लागतात (८१ ८८). एकूण १३९.