केनिया सफारी: दिवाळीत जमेल का? आणि हे पॅकेज बरोबर वाटतंय का?

बाणेरवाली
नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी आफ्रिकन सफारी करायचं चाललंय, आम्ही दोघं, मुलगा (चौथीत) आणि सासूबाई, वय ६८, गुडघे कुरकुरतात पण बाकी एकदम ठणठणीत. ताडोबा, कान्हा झालंय त्यामुळे पहाटे उठून जिप्सीत बसायची सवय आहे सगळ्यांना. एका टूरवाल्याने आठ दिवसांचा प्लॅन दिलाय, अंबोसेली, नैवाशा, नाकुरू, मसाई मारा आणि वर टांझानियातलं सेरेंगेटी, कारण ते म्हणे माराला लागूनच आहे. शाळेमुळे एकतर मे महिना नाहीतर दिवाळी एवढेच पर्याय आहेत. मुलाला विल्डबीस्ट (ती कळपाने फिरणारी मोठी हरणं) नदी ओलांडताना बघायचेच आहेत. सासूबाई पक्क्या शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. आणि ती यलो फीवरची लस खरंच लागते की टूरवाले उगाच घाबरवतात?

रानवेडा_४११०३८
ताई, आधी त्या प्लॅनमधून सेरेंगेटी काढून टाका. नकाशावर ते माराला चिकटलेलं आहे हे खरंय, पण टुरिस्टला तिथून सरळ पलीकडे जाताच येत नाही, इसेबानियाच्या सीमेवरच्या नाक्यावरून लांबचा वळसा घालून जावं लागतं, टांझानियाचा व्हिसा वेगळा, बहुतेक वेळा गाडी आणि ड्रायव्हरही तिथे बदलतात, म्हणजे अख्खा दिवस त्यातच गेला. अंबोसेलीचंही तेच, ते दक्षिणेला आणि नाकुरू वायव्येला, मधे नैरोबीचं ट्रॅफिक, दिवसभर गाडीत बसून सासूबाईंचे गुडघे काय म्हणतील ते तुम्हीच बघा. अंबोसेली वाईट आहे असं नाही हं, हत्तींचे कळप आणि मागे किलीमांजारो, ढग नसतील तर वेड लागतं. पण आठ दिवसांत सगळं नको. माझं मत विचाराल तर नाकुरू-नैवाशा मिळून दोन रात्री आणि उरलेल्या सगळ्या मारात. नाकुरूला गेंडे छान दिसतात. फ्लेमिंगोसाठी मात्र मुद्दाम जाऊ नका, तलावाचं पाणी वाढल्यापासून पूर्वीसारखे थवे नसतात, ते आपल्या भिगवणला बघा.

आता तारखा. विल्डबीस्टचे हे कळप वर्षभर गोल फिरत असतात, जानेवारी ते मार्च दक्षिण सेरेंगेटीत पिल्लं होतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर मारा नदीच्या आसपास असतात. एप्रिल-मे तिकडचा मोठा पाऊस, चिखल, काही कॅम्प तर बंदच ठेवतात. दिवाळीपर्यंत बहुतेक कळप दक्षिणेकडे निघालेले असतात आणि नोव्हेंबरात छोटा पाऊस सुरू होतो. त्यामुळे नदी बघायचीच असेल तर ऑगस्टच्या शेवटाला किंवा सप्टेंबरात शाळेला दांडी, दुसरा मार्ग नाही. चौथीत आहे, कुठे बोर्डाची परीक्षा बुडतेय.

पेठेतला_पाहुणा
वरच्यांचं बाकी पटलं पण त्या नदीपायी एवढी शाळा बुडवावी असं मला वाटत नाही. तासन्‌तास काठावर थांबायचं, हजारो जनावरं येऊन उभी राहतात, पुढचा पाण्याला तोंड लावतो, मागे सरकतो, की सगळा कळप वळून परत. तोवर चाळीस गाड्या काठाला, इंजिनं चालू, आणि प्रत्येकाचा ड्रायव्हर दुसऱ्याच्या पुढे घुसवतोय, लक्ष्मी रोडला दिवाळीची खरेदी चालल्यासारखं. ओलांडलं तर जन्मभर लक्षात राहतं, नाही ओलांडलं तर डबा उघडा. शिवाय जुलै ते डिसेंबर मारा रिझर्व्हची फी मोठ्या माणसाला दिवसाला २०० डॉलर आहे, जानेवारी ते जूनमधे १००, ही पॅकेजमधे धरलीये का ते आधी विचारा. "पार्क फी एक्स्ट्रा" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू का, आमचा ड्रायव्हर. रेडिओवर सिंह दिसल्याची बडबड चालू, सगळ्या गाड्या तिकडे पळाल्या, आणि याने एका वारुळापाशी गाडी थांबवली. वर टोपी नावाचं तांबूस हरीण उभं होतं, कान ताठ, नजर एकाच दिशेला, मान जरासुद्धा हलवत नव्हतं. याने दुर्बीणसुद्धा न लावता त्या नजरेच्या रेषेत गाडी घेतली आणि गवतात चित्त्याची मादी, बरोबर तीन पिल्लं. आसपास दुसरी गाडी नाही. त्यामुळे हॉटेलचे स्टार मोजण्यापेक्षा गाइड कोण आहे ते विचारा. आणि बजेट असेल तर शेवटच्या दोन रात्री रिझर्व्हच्या बाहेरच्या कन्झर्व्हन्सीमधे (स्थानिकांच्या जमिनीवरची खाजगी राखीव जंगलं) घ्या, नाबोइशो, मारा नॉर्थ वगैरे, तिथे गाड्या मोजक्या सोडतात, रात्रीची सफारीही मिळते.

सुईवाली
लसीचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. घाबरवत नाहीयेत, लागतेच. केनियाहून परत येताना भारतात लसीचं कार्ड विचारतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, कारण कार्ड दहा दिवसांनी लागू होतं, आणि एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पण तुमच्या केसमधे मुद्दा वेगळा आहे. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेणाऱ्यांना गंभीर त्रासाची शक्यता थोडी जास्त असते. सासूबाईंना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे न्या, काय गोळ्या चालू आहेत, अंड्याची ॲलर्जी आहे का हे सगळं सांगा, आणि मग तिकिटं काढा. उलटं करू नका प्लीज. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारून घ्या, त्या जायच्या आधीपासून सुरू कराव्या लागतात.

थेपला_एक्स्प्रेस
शाकाहाराची काळजी नको, नैरोबीत गुजराती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, मारातल्या कॅम्पांनाही आपल्या लोकांची सवय झालीये. चपाती तर तिकडचे लोक स्वतःच खातात. फक्त ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे ऐन चातुर्मास, तेव्हा कांदा-लसूण नको हे बुकिंग करतानाच ईमेलवर लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. खाऊ नेणार असाल तर डब्यात न्या, प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिकडे २०१७ पासून बंदी आहे. आणि स्वेटर! आफ्रिका म्हणून सगळे टीशर्ट घेऊन येतात, मारा उंचावर आहे, पहाटे उघड्या गाडीत दात वाजतात.

बाणेरवाली
बापरे, एवढं सगळं! थँक्यू सगळ्यांना. सेरेंगेटी आणि अंबोसेली दोन्ही कट. लसीच्या वयाचं टूरवाल्याने काहीच सांगितलं नव्हतं, याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन येतो आणि त्यावर पुढचं ठरेल. शाळेचं नवऱ्याशी भांडण चालू आहे, तो दिवाळीवर अडलाय. शेवटचं एक, गरम हवेच्या बलूनची सफर घ्यावी का? सासूबाईंना फार हौस आहे.

रानवेडा_४११०३८
गुडघ्यांचं बघता नको. बऱ्याच बलूनमधे टोपली आडवी असताना आत झोपून चढायचं असतं, उतरताना कधी ती कलंडते, गुडघे पोटाशी घेऊन बसायला सांगतात. तुम्ही दोघं जा, पण माणशी चारशे-पाचशे डॉलरची तयारी ठेवा, मुलाचं वय-उंचीचं आधी विचारा, काही ठिकाणी लहान मुलांना घेत नाहीत. सासूबाईंसाठी त्यापेक्षा व्हॅनऐवजी लँड क्रूझर मागा, अख्खी आपली, शेअरिंग नको, आणि चढायला छोटं स्टूल गाडीत असेल का ते विचारा.

पेठेतला_पाहुणा
नवऱ्याला म्हणावं दिवाळीतही सिंह तिथेच असतात. मी त्याच्या बाजूने.